तिसऱ्या पाकिटाबद्दल

गिरीज, वसई
रविवार, मिस्सा आटोपून

ती. फ्रान्सिसमामांना थॉमसचा सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आणि मामींची साखर दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. (गुडघ्याबद्दल खरं लिहा. गेल्या खेपेला 'उत्तम' लिहिलंत, पण फोटोत खुर्चीमागे काठी दिसत होती.)

पत्रास कारण, संशोधन अधिष्ठातापदाची मुलाखत. परवा झाली, निकाल येत्या शुक्रवारी, आणि कुठेतरी पाणी मुरतंय. बावीस वर्षं मी नायगावच्या खाडीतल्या चिखलावर संशोधन करतोय. साहाय्यक, सहयोगी, प्राध्यापक, विभागप्रमुख, एकेक पायरी गुडघाभर चिखलातून चढलो. नऊ जणांना पीएचडी मिळवून दिली (दहावा मध्येच सोडून सातिवलीत गोदाम चालवतो आणि नवांपेक्षा सुखी आहे). आणि शेवटच्या पायरीवर काय, तर तीन जाणकारांची बंद पाकिटातली शिफारसपत्रं, उमेदवाराने न उघडता स्वतः आणून द्यायची. ज्याच्या हाती विद्यापीठाचं सगळं संशोधन सोपवायचं, त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते त्यालाच ठाऊक नसावं, ही रीत दरबाराला शोभते, विद्यापीठाला नाही.

दुसरी उमेदवार प्रिस्का, माझीच विद्यार्थिनी. बाहेर बाकावर तिने मला अर्धा केक दिला. मी खाल्ला नाही. (नंतर खाल्ला. चांगला होता, त्यामुळे संशय वाढला.)

आत पाच जण. अध्यक्षा हेतलबाईंनी पहिली दोन पाकिटं टराटरा फाडली. तिसरं, म्हणजे तुमचं, मात्र उजेडाकडे धरलं, कडेला नखाने खरवडलं, पत्र वाचलं, उलटून मागची बाजू वाचली आणि पाकिटासकट शेजाऱ्याकडे सरकवलं. ते पाची जणांत फिरलं आणि पाचही जण खाली मान घालून हसले. मग बाई म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे भात कोण करतं?" संशोधनाच्या मुलाखतीत भात. मी उभाच राहिलो आणि संशोधनातल्या प्रामाणिकपणावर वीस मिनिटं बोललो. पुरावा जसा हाती आला तसाच पुढे द्यावा, त्यात बोट घालू नये, हे टेबलावर मूठ आपटून सांगितलं. तेव्हा एक गृहस्थ खोकत बाहेर गेले. निघताना बाई म्हणाल्या, "बोललात छान. फक्त मागचं पान वाचायचं राहिलं वाटतं." मी कागद हातात न घेता बोलतो, हे तुम्ही जाणताच. प्रिस्काशी संगनमत आहे, दुसरं काय.

वाडीतली केळी वेगळी पाठवतोय. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
थॉमस

ता. क. मागच्या पानावर तुम्ही काय लिहिलं होतंत? पुढच्या पानावर 'याच्याइतका निष्ठेने काम करणारा माणूस मी पाहिला नाही' इथवर आलो, ऊर भरून आला आणि मी थांबलो. लहानपणी आईला आलेली तुमची पत्रं मी आधी वाचायचो, ते अजून मनात धरलंत का?

ता. क. २. तुमच्या भाचेसुनेने, मॅग्डलीनने, गॅसवर भात ठेवला होता. वाफ आपोआप येत होती, पाकीट तिच्यावर धरलं एवढंच. घरात डिंक नव्हता, म्हणून चार शितं लावली, सगळा गाव लावतो तशी. तरी गुरुवारच्या आत हेतलबाईंना कळवावं की नाशकात तुम्हीही पाकिटं भातानेच चिकटवता. (मला फोन करू नका. फोनवर कोण ऐकत असेल सांगता येत नाही.)

ता. क. ३. हे पाकीट डिंकाने बंद केलंय. शीत दिसलं तर वाटेत कुणीतरी उघडून वाचलं असं समजा. हल्ली माणसांचा भरवसा राहिलेला नाही.