लवंगेएवढी केप आणि रुचिरचं तिकीट

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०

रुचिरचा फोन आला. माझ्या फोनवर, थेट मला. शुभदाने 'आजीशी दोन शब्द बोल' म्हणून ढकललेला नव्हे. शुभदा माझी मुलगी, अमेरिकेत ओहायोला असते, रुचिर तिचा. पाच वर्षांत त्याला समोर बघितलेलं नाही. तीन जानेवारीला माझी पंचाहत्तरी. तेव्हा तो इथे सिंगापूरला येणार हे मे महिन्यातच ठरलंय. तिकीट तेवढं काढायचं राहिलंय.

'आजी, एक सांगायचं होतं' म्हणाला आणि थांबला. मी म्हटलं, आधी मागे भिंतीला काय टेकवलंय ते सांग. तर बंदूक! नवी कोरी. पण दारू नि गोळी तोंडाकडूनच ठासायची, माझ्या वडिलांच्या, आबांच्या बंदुकीसारखी. मग काय, मी सुरूच झाले. कुडाळजवळचं आमचं शेत, रानडुकरं, आबांचा परवाना, आणि केपांची डबी सांभाळायची ती मीच. केप म्हणजे तांब्याची बारीक टोपी. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी, ठिणगीने दारू पेटते. त्यांच्याकडे तिला प्रायमर म्हणतात. त्याने दाखवला. पितळी, फुलासकट लवंग असते तेवढा.

दुकानात लाल डबीतला जहाल मिळतो, निळ्या डबीतला मवाळ. मी विचारलं, कुठला घेणार? तो म्हणाला, तूच सांग.

चौथी शिकलेल्या बाईला इंजिनियर नातू विचारतो. विचार करून सांगते म्हटलं. सांगायचं होतं ते मात्र राहून गेलं त्याचं. तिकिटाचंच असणार.

३ नोव्हेंबर, सोमवार

नातीच्या, गार्गीच्या शाळेची कोरी वही मिळाली, तिच्यात हे लिहितेय. निश्चय: रोज एक तास प्रायमरचा अभ्यास. टीव्ही बंद.

४ नोव्हेंबर, मंगळवार

टीव्ही थोडा बघितला.

सूनबाईला, विनीताला, बंदुकीचं सांगितलं. ती नोव्हेनाला हॉस्पिटलात लोकांचे गुडघे वाकवते. फिजिओ. म्हणाली, आई, या देशात बंदुकीचं नावसुद्धा नका काढू. मी म्हटलं नाव काढलं तर काय धरून नेतात? तिने श्रीनिवासकडे बघितलं, त्याने ताटाकडे. श्रीनिवास माझा मुलगा. तांजोंग पगारला बँकेत आहे, त्यामुळे घरी बोलत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

निर्णय झाला. मवाळ. आबा म्हणायचे फार जहाल काही चांगलं नाही. ते तंबाखूबद्दल म्हणायचे, पण तत्त्व तेच. आबांची बंदूक कधी चुकली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९

रुचिरशी बोलले. मीच लावला फोन. मवाळ घे म्हटलं. बरं म्हणाला. मग चाचरत सांगितलं की त्यांच्याकडे ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करायला सरकार चारच दिवस देतं. तीन ते सहा जानेवारी. त्याचा साहेब पहिल्यांदाच त्याला बरोबर नेतोय.

तीन जानेवारी! माझ्याच वाढदिवसाचा मुहूर्त. असा योग शोधूनही सापडत नाही.

मी हिशोब करून दिला. तीनला पहाटे पहिला बार, पडलं हरीण, दुपारी विमान. ओहायो आपल्या तेरा तास मागे, म्हणजे त्याला वर तेरा तास मिळतात. इथे केक कापायला हजर. रुचिरने डोकं खाजवलं. विचार करत असावा. गार्गी शेजारी बसून नखं रंगवत होती, ती म्हणाली, "आजी, अदर वे लाह." उलटा हिशोब म्हणे. चौदा वर्षांची आहे, प्रवासाचं तिला काय कळतं.

म्हणजे आता सगळं केपेवर आलं. पहिल्याच घोड्याला बार उडाला पाहिजे. केप फसली की हरीण पळालं, मग हा चारही दिवस झाडावर बसून राहणार. नातू येणार की नाही, ते त्या लवंगेवर आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

मवाळ रद्द. जहाल. पहिल्या बाराला जहालच बरी. रुचिरला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं, चार मिनिटांचं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गार्गीने तिच्या लॅपटॉपवर वाचून दाखवलं. प्रकरण सोपं नाही. दारू सुटी पूड असेल तर मवाळ पुरते, जहालने ती पेटायच्या आधीच पुढे सरकते म्हणे. दारूच्या घट्ट वड्या असतील तर जहाल लागते. आणि सगळ्यात आधी बंदुकीबरोबर आलेलं पुस्तक वाचावं. पुस्तकाचं सोडून दिलं, वड्यांचं पटलं. वडी सहजासहजी थोडीच पेटते.

रुचिरला विचारलं, पूड की वडी? दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

थोडी भानगड.

तो लॅपटॉप शाळेचा निघाला. त्यावर पोरं काय शोधतात ते शाळेला दिसतं. गार्गीने दोन दिवस रायफल आणि प्रायमर शोधलं. बाईंनी तिला बोलावून प्रेमाने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, कुणाचा राग येतो का. गार्गीने खरं ते सांगितलं, माझ्या आजीसाठी शोधत होते. त्यावर त्यांनी आणखी एका बाईंना बोलावलं.

विनीताला अर्धा दिवस रजा टाकून जावं लागलं. मी म्हटलं मी येते, मीच समजावते, ठासणीचं सगळं मला ठाऊक आहे. तिने मला लिफ्टपाशीच थांबवलं.

गार्गी दोन तास खोलीचं दार लावून बसली. मग म्हणाली, "आजी, टीचर थिंक यू आर नॉट रिअल." मी तिला घावणे करून दिले. खाल्ले.

निश्चय: गार्गीच्या लॅपटॉपला हात लावायचा नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

श्रीनिवासचा लॅपटॉप टेबलावर उघडा होता. मराठीतही लिहिता येतं त्यावर. 'बंदुकीची दारू वडी' एवढंच घातलं. ऑफिसचा आहे म्हणे. आता तो कपाटात असतो, किल्ली श्रीनिवासच्या खिशात. पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायचा अर्ज मंजूर होईपर्यंत आई तू फक्त देवाची गाणी ऐक, म्हणाला. पोराचा स्वभाव लहानपणापासून घाबरट. आबांवर गेला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

रुचिरचं उत्तर आलं. अंगठा. पूड की वडी याला अंगठा म्हणजे दोन्ही असणार.

तिकिटाचं विचारलं. भाडी फार वाढलीत, बघतो.

३० नोव्हेंबर, रविवार

आता ओलाव्याचं बघायला हवं. केपेचा खरा वैरी तो. आबा डबी तांदळात पुरून ठेवायचे, तरी कोकणच्या पावसात केपा सर्दायच्या आणि घोडा नुसता टक वाजायचा. तशी डुकरं बंदुकीला भ्यायचीच नाहीत. मी बांधावर उभी राहून तेलाचा रिकामा डबा बडवायचे, त्याला भ्यायची. पण बंदूक हातात असली की आबांना धीर यायचा.

ओहायोत म्हणे बर्फ. म्हणजे ओलावाच. औषधाच्या बाटलीत आणि नव्या बुटांत ओल शोषणाऱ्या बारक्या पुड्या येतात, त्या जमवायला घेतल्या. रुचिर आला की देईन. मग ध्यानात आलं, तो येईल तोवर बार उडून गेलेला असणार. तर पुढच्या वर्षीसाठी.

६ डिसेंबर, शनिवार

खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळाच्या मोकळ्या जागेत, सगळ्यांना आनंदाची बातमी सांगून आले, नातू येतोय. तिथे बाकावर बसणारे चिनी अंकल इंग्रजीत आणि हाताने बोलतात. मीही हाताने बोलले. बंदूक ठासून दाखवली. ते तरुणपणी इथल्या सैन्यात होते. एक काडतूस हरवलं तर सगळी छावणी गवतात ओणवी होऊन शोधायची, असं काहीसं त्यांनी ओणवं होऊन दाखवलं. मग कंबर धरून बसले. त्यांच्या बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्या दिल्या. एकूण सतरा.

१४ डिसेंबर, रविवार

गार्गीच्या खोलीत रुचिरची गादी घातली. नवा अभ्रा. श्रीनिवास दारात उभा राहून म्हणाला, आई, गादीची एवढी घाई कशाला. मी म्हटलं ऊन दाखवायला नको? बाराव्या मजल्यावर ऊन दुपारीच येतं. तो तसाच उभा राहिला आणि मग स्वतःच गादीचं एक टोक धरून गॅलरीत घेऊन गेला. आजवर कधी धरली नव्हती.

२१ डिसेंबर, रविवार

अंतिम निर्णय: जहाल. कळवलं. (मागे मवाळही कळवलेलं आहे, तेही असू दे.)

शुभदाचा फोन. तिला विचारलं रुचिर कुठल्या विमानाने येतोय. तिला नेमकं दुसऱ्या कुणाचं तरी बोलावणं आलं.

२८ डिसेंबर, रविवार

कुळथाची पिठी, तांदळाचं पीठ, दोन्ही आणून ठेवलं. त्याला पिठी आवडते. आवडायची, आठवीत होता तेव्हा.

विनीता हल्ली फार गोड वागते. गुडघाही फुकट दाबून देते.

३ जानेवारी, शनिवार

पंचाहत्तर पूर्ण झाली. केक आला, गार्गीने व्हिडिओ काढला. दाराची बेल दोनदा वाजली. एकदा कुरिअर, एकदा व्हॉइड डेकवाले अंकल संत्री घेऊन.

तिकडे अजून पहाट व्हायचीय. अजून काही उशीर झालेला नाही.

४ जानेवारी, रविवार. सकाळी ९

रुचिरचा फोन. तिकडे शनिवारची संध्याकाळ. नाक लाल झालेलं, टोपी डोक्यावर तशीच.

मी आधी केपेचं विचारलं. पहिल्याच घोड्याला बार उडाला. मी श्रीनिवासला हाक मारून सांगितलं, उडाला. हरणाला लागला नाही, ते पळालं. साहेब म्हणाले उद्या परत बसू.

मग मी विचारलं, जहाल की मवाळ? तो म्हणाला, दोन्ही नाही. दुकानदाराने पुस्तकात बघून दिलेली तिसरीच डबी होती. ऑक्टोबरातच घेतली होती.

मग मला का विचारलंस, म्हटलं.

त्याने टोपी काढली. म्हणाला, "आजी, मी त्या दिवशी येत नाहीये हेच सांगायला फोन केला होता. तू बंदुकीचं बोलायला लागलीस आणि इतकी खूश झालीस, की मग मला जमलंच नाही."

मी मागे वळून बघितलं. श्रीनिवास, विनीता, गार्गी, तिघंही स्वयंपाकघराच्या दारात. कुणालाच नवल वाटलेलं नव्हतं.

मी रुचिरला म्हटलं, उद्या वाऱ्याकडे तोंड करून बस, म्हणजे हरणाला तुझा वास जाणार नाही. आबा सांगायचे. बरं म्हणाला.

५ जानेवारी, सोमवार

गादी गुंडाळली. विनीता धरायला आली होती, मीच नको म्हटलं, हलकी आहे.

बार पहिल्याच घोड्याला उडाला, हे मात्र मी आधीपासून म्हणत होते.

सतरा पुड्या पापडाच्या डब्यात टाकल्या. पापड कोरडे राहतील.