मास्तरांनी खोडलेला तीन

नगर, शनिवार, १४ डिसेंबर

"स्कॉच पिणाऱ्या नगरकरांनो, आपल्याकडून दारूचे नव्हे, नक्षीदार डब्याचे पैसे उकळले जातात!" आज गायकवाड मास्तरांच्या गच्चीवर मी अशीच सुरुवात केली. श्रोते दोनच, मास्तर आणि शेजारचा वकील. मास्तरीणबाईंनी तीन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर आकडे टाकले होते. चाखायचं, सर्वांत चांगली कोणती ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या उघडेपर्यंत बोलायचं नाही. नियम माझाच.

तिन्ही चाखून होताच मीच तो मोडला. एक नंबर साधी, प्रामाणिक, नक्की स्वस्तातली. तीन नंबरला दवाखान्याचा वास. चांगली दहा मिनिटं बोललो.

वकील म्हणाला, "भाऊ, आधी पेला संपवा, सभा नंतर घ्या." मास्तरांनी चिठ्ठीवरचा तीन खोडून एक लिहिला. ते मी पाहिलं, आणि खरं सांगायचं तर सुखावलो.

बाटल्यांवरचे कागद निघाले. एक नंबर नक्षीदार डब्यातली, सगळ्यांत महाग. तीन नंबर तिच्या निम्म्या किमतीची. वकील पोट धरून हसला. मास्तर हळूच म्हणाले, "तुम्ही एवढं वाचलेले, भाऊ, मला वाटलं माझंच चुकलं."

हसणं विसरेन. पण तो खोडलेला तीन? आजवर किती सभांत लोकांनी माझ्यामुळे आपलं बरोबर उत्तर खोडलं असेल?

स्वतःला बजावतो: उद्या संध्याकाळी मास्तरांकडे जा. त्याच बाटल्या पुन्हा मांडायला सांग, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडू नकोस.