मंजुळा कामावर होती

४ डिसें.
आज परत खाणीवर. मंजुळाला जाऊन अकरा दिवस. जिथून तिच्यावर दगड आला ती भिंत दोरी लावून बंद केलीय. बाकीच्या तपासल्या, सही केली, माणसं आत सोडली. मेटचं काम हेच. या खाणीवर पहिली बाई मेट मी.
मं. रोज आत जाताना विचारायची, "ताई, भिंत बरी हाय ना गो?" आज दोरीपाशी तोच आवाज. वळून पाहिलं. कोणी नाही.

५ डिसें.
फोरमनने केबिनमध्ये बोलावलं. "ती कामावर नव्हती. नवऱ्याला डबा द्यायला आलेली. इन्स्पेक्टर आले की एवढंच सांगायचं."
हजेरीच्या मस्टरवर तिचं नाव नाही, हे खरं. कुठल्याच बाईचं नाही. राबायचं जोडीने, नाव नवऱ्याचं. नवीन असताना मी एकदा विचारलं होतं. "बघू" म्हणाले. परत विचारलं नाही.
तीन वर्षं दगड वाहिले तिने. डबा कसला.

७ डिसें.
लिहून टाकते. त्या सकाळी भिंतीला वर डावीकडे फट दिसली होती मला. म्हटलं, सैल दगड आधी पाडून घेऊ, तासभर थांबू. फोरमन डंपरवाल्यांसमोर हसले. "बाई ठेवली की हे असं. रोज भीती." मला वाटलं, आज काम थांबवलं तर पुढे कुठल्या बाईला मेट करणार नाहीत. सही केली. मं.ने विचारलं. "बरी आहे" म्हटलं.
आईलाही सांगितलेलं नाही.

१० डिसें.
सुट्टी. खाडीकाठी, मं.च्या घरी. मिठागर बंद पडलं म्हणून ही दोघं खाणीवर आली होती. कंपनीचा माणूस कागद ठेवून गेलाय, ती डबा द्यायला आलेली असं लिहिलेला. तिचा नवरा, रघू, अजून अंगठा देत नाही. म्हणाला, "डबा दोघांचा येकच असायचा, ताई. मंग ती कुनाला द्याला आलती?"
सासूने चहा दिला. "भित बघाचा काम तुझाच ना गो?"
हो म्हटलं. फटीचं सांगितलं नाही. कप रिकामा केला कसातरी.

१३ डिसें.
पोळ्या लाटताना परत तोच आवाज. "बरी हाय ना गो?" मी उत्तर दिलं असावं. आई म्हणाली, कोणाशी बोलतेस?
खाणीवर सात बाया कामावर उतरल्याच नाहीत. मस्टरवर नाव चढल्याबिगर आत जानार नाय, म्हणाल्या. फोरमन म्हणाले, मग बायकांना ठेवतच नाही. त्यांच्यातली यमुना माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आमची का त्यांची, येकदा सांग."

१६ डिसें.
इन्स्पेक्टर आले. फोरमन शेजारी बसून.
"मयत कामावर होती?"
"होती. तीन वर्षं."
"भिंत कोणी तपासली?"
मी. फट, हसणं, सही, सगळं सांगितलं. त्यांचं पेन थांबलं. "हे लिहिलं तर तुमचं सर्टिफिकेट जाईल. केसही होईल कदाचित."
लिहा म्हटलं. फोरमन उठून बाहेर गेले.

१८ डिसें.
घरी बसवलंय. चौकशी कधी संपेल, कोणी सांगत नाही. माझ्या जागी रोह्याकडून एक मेट येतोय म्हणे. बापयाच, बाई नाही.
पेणहून येताना एस्टीत यमुना भेटली. जोह्याचा थांबा जवळ आला. उतरायच्या आधी म्हणाली, "दहावी झालीय माझी. ती मेटची परीक्षा मी दिली तं?"
गाडी थांबली, ती उतरली. खालून खिडकीकडे बघत उभी, आणि मी वाकून म्हटलं, "दे. पण फट दिसली की कोणी हसलं तरी सही करू नको."