जिन्यातली बसायची जागा

४ फेब्रुवारी
आज पुन्हा नुसती चाल. समोरच्या शाळेत दुपारी पोरं कविता म्हणतात. तिसऱ्या मजल्यापर्यंत चाल तेवढी येते, शब्द खालीच राहतात. कोणती असेल? चाल ओळखीची वाटते — पण आमचे मास्तर चार कवितांना एकच चाल लावायचे. अर्धा वर्ग दुसरीच कविता म्हणत असायचा, तरी त्यांना पत्ता नाही!

खाली जाऊन फाटकाशी उभं राहिलं की झालं. पण पडल्यापासून लेकानं माझ्या चपला कपाटावर टाकल्यात. "एकदा पडलात तेवढं पुरे." सूनबाईचंही तेच — "बाबा, पडता तुम्ही, पळापळ आमची." खोटं नाही. दोघं कामावर गेली की मी आणि कपाट.

७ फेब्रुवारी
जिन्यात गलका. परदेशातून आलेली तीन मुलं आणि आपल्या गल्लीतली पाचसहा. लिफ्ट नाही त्या इमारतींच्या जिन्यात म्हाताऱ्यांसाठी भिंतीला दुमडणारी बैठक बसवतायत. एका जिन्यात एकच. पाहुण्यांतली एक पोरगी ताडमाड उंच. शिंप्याची मुलगी तिचं बोलणं आपल्या भाषेत सांगते.

"आजोबा, ती विचारतेय, तुम्हाला दम कुठे लागतो?"

"छातीत."

"अहो, जिन्यात कुठे!"

ताडमाडला सांगितल्यावर ती पायरीवरच बसून हसली. घरात किती दिवसांत असं कुणी हसलं नव्हतं.

९ फेब्रुवारी
रविवार. मोजमाप. ताडमाडनं कपाटावरच्या चपला हात उंचावून सहज काढल्या! लेक बघतच राहिला.

लेकानं आणि ताडमाडनं दोन बाजूंनी धरून खाली नेलं. शाळा बंद — माझं नशीब. वर येताना मीच सुचवलं, कविता म्हणत चढतो, ओळ तुटेल तिथे खूण करा. ताडमाड पान्यानं कठड्यावर ठेका धरायला लागली. आठवीतली कविता, एकही शब्द विसरलो नव्हतो. दुसऱ्या मजल्यावरून वर येणाऱ्या वळणावर ओळ तुटली. शिंप्याच्या मुलीनं खडूनं फुली मारली.

"आजोबा, पुढचं कडवं?"

"ते बैठक झाल्यावर."

चपला परत कपाटावर.

१४ फेब्रुवारी
बैठक बसली. ताडमाड माझ्याकडे पाणी प्यायला आली, शिंप्याची मुलगी सोबत. कळलं ते असं — तिचेही आजोबा आहेत, चौथ्या मजल्यावर. त्यांच्याकडे लिफ्ट आहे. तरी उतरत नाहीत.

"का?"

दोघींचं बराच वेळ बोलणं झालं. मग शिंप्याची मुलगी म्हणाली, "न्यायला कुणाला वेळ नसतो म्हणे."

एवढ्या लांब येऊन माझ्या जिन्यात भोकं पाडतेयस, तिकडे कोण आहे? विचारणार होतो. तिचा चेहरा पाहून पाण्याचा तांब्या पुढे केला.

१५ फेब्रुवारी
लेक म्हणतो, "बैठक झाली म्हणून एकटं उतरायचं नाही. मी असेन तेव्हाच."

"तू कधी असशील?"

"बघू."

अर्ध्या मजल्यावर माझ्यासाठी जागा केलेली, आणि मी उंबऱ्याच्या आत. पूर्वी निदान जिन्याला दोष देता यायचा.

१९ फेब्रुवारी
मुलं पुढच्या इमारतीत गेली. ठोकाठोक लांबून ऐकू येते.

२० फेब्रुवारी
चाल.

२१ फेब्रुवारी
चाल. सूनबाईला विचारलं, जाता-येता शब्द कानावर पडतात का? "बाबा, मला घड्याळाशिवाय काही ऐकू येत नाही." भाजी चिरता चिरता म्हणाली. तिचंही खरं.

उद्या जाणार. चपला गेल्या खड्ड्यात.

२२ फेब्रुवारी
दुपारी अनवाणी निघालो. कठडा धरून, एकेक पायरी. वळणापाशी पोचायच्या आधीच थबकलो.

बैठकीवर लेक. पहाटेची पाळी संपवून आलेला, डबा मांडीवर, बूट काढून बाजूला, डोकं भिंतीला. फोन कानाला. "हो गं, बाबा एकटेच आहेत, ठाऊक आहे मला. वाटेतच आहे. गर्दी आहे फार. अर्धा तास लागेल."

फोन ठेवून त्यानं डोळे मिटले. मी तसाच पाठमोरा न होता, एकेक पायरी मागे चढत वर आलो. दार लावून घेतलं. शाळेतली कविता खाली वळणापाशी अगदी स्वच्छ ऐकू येत होती. पण माझं लक्ष लेकाकडे; कोणती होती, सांगता यायचं नाही.

अर्ध्या तासानं बेल वाजली. "उशीर झाला बाबा, गर्दी होती."

म्हटलं, असू दे. सावकाश येत जा.