गाजर मी हिरवं केलं नाही

मशीनमध्ये शाया मी उलट भरल्या नव्हत्या. अकरा वर्षं मी हेच सांगते आहे, आणि अकरा वर्षं आमचे धाकटे दीर येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगतायत की वहिनींनी एकदा नारिंगीच्या जागी हिरवी भरली आणि बियाण्यांच्या तीस हजार पाकिटांवर हिरवी गाजरं उगवली. ऐकणारा हसतो आणि आपल्या कामाला जातो. मला मात्र गल्लीत गाजरबाई म्हणतात. समोरचा शिंपीसुद्धा म्हणतो, आणि त्याला स्वतःला बाही सरळ लावता येत नाही.

वकिलांनी मृत्युपत्राचा नमुना दिला होता. त्यात "मी वृद्ध झाले असून" असं होतं, ते खोडलं. माझं वय बावन्न. बाकीचंही पटेना, म्हणून माझ्या हाताने लिहिते. शुद्धलेखनाला कोणी हसू नये, चौथीपर्यंतच शिकले आहे.

तर मी, या छापखान्याची मालकीण, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या दबावाने नाही, कोणाच्या लाडीगोडीने तर नाहीच, माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचं काय करायचं ते याद्वारे ठरवून ठेवते. येत्या मंगळवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. घाबरत नाहीच. पण मशीन सुरू करण्याआधी मी सगळे नट तपासते, तसंच हे.

कलम पहिलं. राहतं घर, भांडीकुंडी आणि बँकेत असेल ते माझ्या लेकीला. बँकेत किती आहे ते इथे लिहीत नाही, कारण हा कागद भाऊजी वाचणार आहेत. लेकीने छापखाना नको म्हटलं, त्याचा मला राग नाही. रोलर धुतल्यावर हातांना येणारा वास तिला लहानपणापासून सोसत नाही. माळ्यावरचा पत्र्याचा डबा मात्र तिने उघडू नये. त्याचं पुढे येईल.

कलम दुसरं. माझे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. छापखाना माझ्या नावावर करून गेले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण गाजराचं प्रकरण झालं तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं आणि ते मूग गिळून बसले. वर मला म्हणाले, "तुझे हात रंगलेलेच असतात, त्यात आणखी थोडा रंग लागला म्हणून काय बिघडलं? धाकटा घरातला माणूस आहे." म्हणजे मी कुठली होते, ते विचारायचं राहून गेलं. त्यांचा फोटो समोरच्या खोलीत आहे. तो काढून मागच्या खोलीत, मशीनकडे तोंड करून लावावा. जिवंतपणी नजर चुकवली, आता बघू देत.

कलम तिसरं. यात द्यायचं काही नाही, सांगायचं आहे. वकील म्हणाले, मृत्युपत्रात असं चालत नाही. मी म्हटलं, चालवून बघू.

आमच्या मशीनला दोन तोंडं आहेत. एकात एक शाई, दुसऱ्यात दुसरी. त्या कामाला नारिंगी आणि हिरवी ठरली होती. दोन्ही मी हाताने कालवलेल्या, डबा उघडला की तशाच कागदावर उतरणाऱ्या. याला स्पॉट रंग म्हणतात. पण फोटोत हजार रंग असतात आणि कॉम्प्युटर तो फोटो मोठ्या मशीनच्या चार रंगांत धरून बसतो. त्याला आपल्या दोन शायांत मोडावा लागतो. प्रत्येक शाईची प्लेट, म्हणजे छपाईचा पत्रा, वेगळी. गाजराचं अंग नारिंगीच्या प्लेटवर, पानं हिरव्यावर, आणि जिथे सावली आहे तिथे दोन्ही थोडी थोडी एकमेकींवर, म्हणजे तपकिरी येते. हे काम छपाईच्या आधी फाइलमध्ये होतं. फाइल भाऊजींकडे असायची.

भाऊजींनी फोटो मोडला नाही. तसाच पाठवला. प्लेटवाल्याचा फोन आला की दोन नाही, सहा प्लेटा निघतायत, फोटोच्या चार आणि आपल्या दोन. भाऊजींना गाडी पकडायची होती. त्यांनी फोटो आधी काळापांढरा केला, मग अख्खा उचलून हिरव्यात ओतला, आणि बॅग घेऊन गेले.

पहिलाच कागद बाहेर आला आणि मी मशीन थांबवलं. फोन लावला. म्हटलं, "भाऊजी, गाजर हिरवं येतंय." ते म्हणाले, "वहिनी, फाइल बरोबर आहे. तुम्ही शाईचं बघा, डोकं मी चालवतो. चालवा मशीन."

मी चालवलं. इथे माझी चूक आहे आणि ती मी लिहून देते. डोळ्यांना दिसत होतं, तरी चौथी शिकलेल्या बाईने पदवीवाल्याचं ऐकलं. त्यानंतर ऐकलेलं नाही.

बियाणेवाले पाकीट नाचवत आले. भाऊजींनी सगळ्यांसमोर हात वर केले आणि खापर माझ्यावर फोडलं. वहिनींनी शाया उलट भरल्या. मला मशीनवरून उठवून कागद मोजायला बसवलं. यजमान जाईपर्यंत, सात वर्षं.

आता ज्याला डोळे आहेत त्याने ते पाकीट हातात घ्यावं. शाया उलट भरल्या असत्या तर पानं नारिंगी झाली असती. पानं हिरवीच आहेत. वरचं नाव नारिंगी हवं होतं, ते नारिंगीच आहे. चौकट हिरवी हवी होती, ती हिरवीच आहे. सगळं जागच्या जागी, एक गाजर सोडून. पण हसणाऱ्या माणसाला पाकीट नीट बघायला वेळ नसतो.

कलम चौथं. दोन रंगांचं मशीन, शाई कालवायची सुरी, शायांचं कपाट आणि माझी नमुन्यांची वही, जिच्यात प्रत्येक कालवणीचा ठिपका आणि प्रमाण आहे, हे सगळं माझ्या धाकट्या जावेला. तिच्या एकटीच्या नावावर. तिच्या नवऱ्याचं नाव त्यावर कुठेही येता कामा नये.

गेली सहा वर्षं फायली तीच करते. भाऊजी खुर्चीवर बसून फोन घेतात. फोटो मोडताना ती स्क्रीनवर एक शाई बंद करते, दुसरी बघते, मग मला हाक मारते, "ताई, ही सावली कशात टाकू?" मी सांगते, नारिंगीवर हिरवी चढव, तिसऱ्या शाईचे चोचले नकोत. गेल्या महिन्यात दुपारी भाऊजी बाहेर गेले होते. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. गाजराची जुनी फाइल होती. तिने नारिंगी बंद केली, गाजर तसंच. हिरवी बंद केली, गाजर गायब. नारिंगीत त्याचा एक ठिपका नव्हता.

मी विचारलं, "कधी सापडली?"

"पाच वर्षं झाली."

"पाच वर्षं माझ्याशेजारी बसून गप्प राहिलीस?"

ती म्हणाली, "ताई, तुम्ही मशीन बंद करून एकट्या घरी जाता. मला त्यांच्याबरोबर घरी जायचं असतं."

मी स्क्रीन परत तिच्याकडे वळवली.

त्याच आठवड्यात भाऊजी एका भंगारवाल्याला घेऊन आले. "नुसतं बघायला" म्हणे. त्याने माझ्या मशीनवर टिचकी मारून बघितली. त्या टिचकीमुळे हे मृत्युपत्र झालं. मशीन गेलं तर जावेच्या हातात काय राहणार, खुर्चीमागे उभं राहणं? तिला धाकदपटशाने ते विकायला लावलं, तर विक्री धरू नये आणि मशीन माझ्या लेकीकडे जावं. लेकीला तसं सांगून ठेवलं आहे. ती माझ्यापेक्षा तापट आहे.

कागद कापायचं यंत्र मी आमच्या बाइंडरला देणार होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. बाइंडरला विचारलं, यंत्र हवं की सही करतोस? तो म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी दारात होतो. तुम्ही फोन केला ते ऐकलं होतं आणि बोललो नव्हतो. सही करतो." म्हणून तेही यंत्र जावेला.

कलम पाचवं. माळ्यावरचा पत्र्याचा डबा, त्यातलं एक पाकीट आणि त्या कामाच्या दोन्ही प्लेटा, हे धाकट्या दिरांना. याहून जास्त त्यांना काय मिळेल ते त्यांच्या हातात आहे.

कलम सहावं. समोरची खोली, टेबल आणि फिरती खुर्ची भाऊजींना मिळेल, पण एका अटीवर. त्यांनी स्वतःच्या हाताने पुढची चार वाक्यं लिहून सही करावी. फोटो दोन शायांत मोडायचा मी सोडला. तो मी अख्खा हिरव्यात टाकला. वहिनींनी मशीन थांबवून मला विचारलं होतं. चालवा असं मी म्हणालो. एक प्रत दर्शनी काचेवर लागेल, दुसरी बियाणेवाल्यांना ते स्वतः नेऊन देतील. पाचवं वाक्य, म्हणजे "पण" ने सुरू होणारं, चालणार नाही. लिहिलं नाही, तर समोरची खोलीही जावेची, आणि खुर्चीवर कोणी बसायचं ते ती सांगेल.

ऑपरेशननंतर मी परत आले तरी अट हीच राहील. फक्त तेव्हा काचेवरचा कागद मी स्वतः छापेन. नारिंगीत.

सही केली आहे, अंगठा नाही.

साक्षीदार : १. बाइंडर, पंधरा वर्षं याच छापखान्यात. २. कोपऱ्यावरचे औषधवाले, मला शुद्धीवर आणि रागात पाहून सही केली.

ठिकाण : छापखान्याची मागची खोली, शायांच्या कपाटासमोर.
दिनांक : नऊ, शुक्रवार.

भाऊजी, याची नक्कल तुमच्या टेबलावर ठेवली आहे. मंगळवारी सकाळी सातला मला दवाखान्यात जायचं आहे. सोमवारी, बारा तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत, ती चार वाक्यं लिहिणार की नाही, याचं उत्तर मला हवं. लेखी, आणि तुमच्या बायकोच्या हातून नाही, तुम्ही स्वतः मागच्या खोलीत येऊन द्या. मी मशीनपाशी असेन.