ओटी म्हणजे बाहेरच

२ जून १९६४, सकाळ
हिच्या छातीत पुन्हा कळ. डॉक्टर म्हणाले, हृदय दुबळे झाले आहे. मग घरात विडी कोण ओढते, असे विचारले. घरात आम्ही दोघेच, आणि ही ओढत नाही. प्रश्न तर्काला धरून नव्हता. "मास्तर, त्यांच्या वाट्याला तुमचा धूर येता कामा नये," एवढे बजावून गेले.
निश्चय : आजपासून विडी बंद.

संध्याकाळ
जेवणानंतरची एक निश्चयात धरलेली नाही.

४ जून
डॉक्टरांना ऐकवले, जुन्या वैद्यकात धूमपान औषध म्हणून सांगितले आहे. ते म्हणाले, त्यात तंबाखू नव्हती. पाठभेद असू शकतो. पेपरात अमेरिकेतल्या कुठल्या रिपोर्टबद्दल आले होते, पण तो सिगारेटचा. आम्ही विडीवाले.

९ जून
तोडगा सापडला. विडी घरात नाही, बाहेर ओटीवर. ही माजघरात, मधे दार. हिला सांगितले तर म्हणाली, ओटी घरातच असते ना. हिचा भूगोल पहिल्यापासून कच्चा.

१४ जून
हिला गारठा सोसत नाही. कुडपणहून मेव्हणा महिपती आला. दोघांनी ओटीला गवताच्या झड्या बांधल्या, त्याही दुहेरी. पाऊस सोडाच, वाराही शिरणार नाही. महिपती वरती फट ठेवू म्हणत होता. ठेवू दिली नाही. बायकोची काळजी कशी घेतात, हे त्याला कळले असावे. मग दोघांनी झडीआड निवांत विडी ओढली.

५ जुलै
संततधार. सावित्रीच्या पुराची बातमी पेपरला पाठवली. बातमीला विड्या लागतातच. आत ही खोकत होती. मधले दार लावू लागलो तर नको म्हणाली, कोंडल्यासारखे होते. उघडे ठेवले. चुलीच्या धुराचा त्रास असणार. चूल मागच्या पडवीत हलवली. आता घरात धूर म्हणून नाही.

२८ जुलै
डॉक्टरांकडून माझीही छाती तपासून घेतली. ठणठणीत. ते म्हणाले, अजून तरी. एवढी पुस्ती कशाला जोडायची? प्रत्यक्ष ओढणाऱ्याचे हृदय असे, मग नुसत्या वासाने काय होणार? हिला सांगितले. तिने कूस बदलली.

११ ऑगस्ट
सकाळी हिला श्वास पुरेना. ओटीकडे बोट करून म्हणाली, "अहो, झडी सोडा ना जरा."
बाहेर पाऊस. गारठेल म्हणून सोडली नाही. डॉक्टरांकडे निघालो. वाटेत पावसात पेटली नसती, म्हणून ओटीवर एक पेटवली. अर्धीच ओढली.
डॉक्टरांना घेऊन आलो, तेव्हा ती नव्हती.

२४ ऑगस्ट
दिवसकार्य आटोपले. जाताना महिपती म्हणाला, "भावोजी, ताय गारठ्यानं नाय गेली." दुःखात माणूस काहीही बोलतो.

१८ ऑक्टोबर
पाऊस सरला. झड्या एकट्यानेच सोडल्या. गवत आतून तपकिरी झाले होते. ओलीमुळे असेल.
तिची उशी उन्हात टाकायला घेतली. विडीचा वास. तिने जन्मात विडीला हात लावला नव्हता.
दिवसभर उन्हात ठेवली. वास तसाच.
संध्याकाळी विडी ओढायला अंगणात गेलो, थेट कुंपणापर्यंत. धूर आत जाऊ नये म्हणून दारही ओढून घेतले होते. आत कोणी नाही, हे परत येऊन दार उघडल्यावर आठवले.