जुने फोन, आहेत तसे द्या

सोमवार
लेकीकडे राहायला आले काय आणि आठवड्यात नोकरीला लागले काय! दोघी हसून बेजार. बाजारातल्या दुकानात टेबलाशी बसायचं, लोकांच्या कपाटात पडलेले जुने मोबाइल मागून घ्यायचे. त्यातलं तांबं-बिंबं काढून पुन्हा वापरतात म्हणे. उकिरड्यावर गेले तर मातीत विष उतरतं. चौथी शिकलेली मी, पण बोलण्यात कुणाला ऐकायची नाही. शिवाय खुर्चीला गादी आहे.

बुधवार
शिंपीण फोन देऊन गेली. देण्याआधी नवऱ्याचे फोटो दाखवत बसली, मीही बघत बसले. म्हटलं, हे आता पुसून टाक बाई, लेकीनं मला शिकवलंय. तर दुकानाचे साहेब धावत आले. पुसायचं नाही, आहे तसाच पेटीत टाकायचा. पुसलेले फोन ते घेतच नाहीत. तांबं तर तेच ना? विचारलं तर नुसते हसले. ते हसणं काही मला पटलं नाही.

शुक्रवार
शिंपीण परत आली. नवरा पिशवी धरून मागे उभा. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आजी, हा माणूस दोन दिवस माझ्या घरात आहे. कोण आहे हो?"
मला वाटलं, थट्टा. मी हसले. ती नाही हसली.

शनिवार
दूधवाला सख्ख्या भावाला ओळखेना. त्यानंही फोन आमच्याकडेच दिलेला—
जेवताना लेक म्हणाली, माझाही जुना पडलाय, तुझे सगळे फोटो त्यातच, नेऊन दे. मी नको म्हटलं. "आई, जगाला सांगतेस आणि घरचा देववत नाही होय?"
काय सांगू तिला? वेडी म्हणेल.

सोमवार, दुपार
घरात ठेवला तर ती स्वतः नेऊन देईल. म्हणून माझ्याच पिशवीत घातला. पिशवी मांडीवर. फक्त पाणी प्यायला उठले— फोन साहेबांच्या हातात. म्हणाले, स्वतःहून आणलात, शाबास. टाकला.
पेटीत हात घातला. खांद्यापर्यंत. तळ लागेना—

संध्याकाळ
जिन्यात बसलेय. लेकीनं दार उघडलं, गोड हसली. "कोण हवंय, आजी?"
पाणी दिलं. तिच्या लहानपणीचं सगळं सांगितलं. ऐकलं, परक्याचं ऐकतात तसं.
पुन्हा दार उघडतंय. माझी ट्रंक बाहेर ठेवतेय. विचारतेय, ही तुमची का, आमच्याकडे कुणाची तरी राहून—